कृष्णामाई : उगम, प्रवाह आणि तीर्थमहिमा

देवळाच्या जीर्णोद्धाराच्या मंगल प्रसंगी मूर्तीचा, सभामंडपाचा, कळसाचा आणि उदार देणगीदारांचा इतिहास लिहिला जातो, आणि ते योग्यच आहे. परंतु कृष्णाकाठच्या कोणत्याही देवळाचा इतिहास देवळाच्या उंबरठ्याशी सुरू होत नाही. तो घाटाच्या सर्वांत खालच्या, बाराही महिने पाण्यात असलेल्या पायरीशी सुरू होतो. नदी होती म्हणून वस्ती झाली, वस्ती झाली म्हणून घाट झाला आणि घाटाच्या माथ्यावर देव येऊन बसला. पूजेसाठी पहाटे कळशी भरून आणली जाते ती या पाण्याची, उत्सवात पालखी जाते ती या पाण्याला भेटायला, आणि माणूस गेल्यावर त्याच्या अस्थी विसावतात त्याही याच पाण्यात. म्हणून देवळाबरोबर नदीचीही हकीकत ग्रामस्थांच्या हाती असावी, या हेतूने हा लेख आहे.

महाभारतात आणि पुराणांत हिचा उल्लेख कृष्णवेणा, कृष्णवेणी अशा नावांनी येतो. स्कंदपुराणातील म्हणून सांगितले जाणारे ‘कृष्णामाहात्म्य’ तिच्या तीर्थांची थोरवी गाते. काठावरच्या माणसाला मात्र एवढ्या संस्कृताची गरज पडत नाही. तो तिला कृष्णामाई म्हणतो, कृष्णाबाई म्हणतो, आणि पहिल्या पुराचे तांबडे पाणी आले की घरातील सुवासिनी खणानारळाने तिची ओटी भरतात. नदीला लेकुरवाळ्या बाईचा मान देणारी ही रीत कोणत्या ग्रंथातून आली हे सांगता यायचे नाही. ती काठावरच उगवलेली दिसते.

कृष्णेचा उगम सातारा जिल्ह्यात क्षेत्र महाबळेश्वर येथे, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचार हजार फूट उंचीवर आहे. तेथील पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचे उगम एकत्र दाखवितात. दगडी गोमुखातून पाण्याची धार कुंडात पडते. याच ठिकाणी भागीरथी दर बारा वर्षांनी आणि सरस्वती दर साठ वर्षांनी प्रकट होते अशी श्रद्धा आहे. यादव राजा सिंघण याने तेराव्या शतकात येथे देऊळ उभारले असे मानतात. ६ जानेवारी १६६५ रोजी सूर्यग्रहणाच्या पर्वकाळी शिवछत्रपतींनी मातोश्री जिजाबाईंची आणि वृद्ध सोनोपंत डबीर यांची सुवर्णतुला केली ती याच क्षेत्री.

उगमाची कथा बहुतेकांनी ऐकलेली असेल. सह्याद्रीवर ब्रह्मदेवाने यज्ञ मांडला. मुहूर्त जवळ आला तरी सावित्री आली नाही, तेव्हा तिच्या जागी गायत्रीला बसवून यज्ञ सुरू झाला. मागाहून आलेल्या सावित्रीला हा अपमान सहन झाला नाही आणि तिने देवांना शाप दिला की, तुम्ही जळरूप व्हाल. त्यामुळे विष्णू कृष्णा झाला, शंकर वेण्णा झाला आणि ब्रह्मदेव ककुद्मती म्हणजे कोयना झाला. स्वतः सावित्री आणि गायत्री याही नद्या झाल्या, पण त्या देवांबरोबर गेल्या नाहीत. पाठ फिरवून पश्चिमेकडे कोकणात उतरल्या.

ही कथा नकाशा समोर ठेवून वाचली तर तिचे दुसरे अंग दिसते. कृष्णा, वेण्णा आणि कोयना या तिन्ही नद्यांचे पाणी खरोखरच शेवटी पूर्वेकडे जाते, आणि सावित्री खरोखरच कड्यावरून कोकणात उतरून बाणकोटजवळ अरबी समुद्राला मिळते. एकाच पठारावर पडलेल्या पावसाचा एक थेंब थोडक्या मैलांत पश्चिम समुद्र गाठतो, तर दुसरा सुमारे चौदाशे किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळतो. महाबळेश्वरच्या माथ्यावर पाणी कोठे दुभंगते हे जुन्या लोकांनी डोळसपणे पाहिले होते, आणि जे पाहिले ते विसरले जाऊ नये म्हणून त्याची गोष्ट केली. शास्त्राच्या पुस्तकात याला पाणलोटाची सीमारेषा म्हणतात. गोष्ट अधिक काळ टिकली, एवढे खरे.

अरबी समुद्र उगमापासून अवघा ६४ किलोमीटर. मग नदी इतकी लांबची वाट का धरते? याचे उत्तर सह्याद्रीच्या घडणीत आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हारस उसळला आणि थरावर थर बसून दख्खनचे पठार तयार झाले. काठावरची देवळे ज्या काळ्या दगडात बांधली आहेत तो दगड म्हणजे हाच थिजलेला लाव्हा. या पठाराचा पश्चिम कडा उंच व उभा असून त्याचा उतार पूर्वेकडे आहे, म्हणून समुद्र पाठीशी असूनही पाणी पूर्वेचीच वाट घेते. महाबळेश्वराच्या माथ्यावर या काळ्या दगडावर जांभ्याचा जाड थर आहे. जांभा सच्छिद्र असतो. वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक कोसळणारा पाऊस तो पोटात घेतो आणि पुढे महिनोन्‌महिने झऱ्यांच्या रूपाने सोडत राहतो. गोमुखाची धार उन्हाळ्यातही चालते ती यामुळे. डोंगरावरची झाडी तुटली आणि जांभा उघडा पडला की पाणी मुरत नाही, धावते. मग पावसाळ्यात लोंढा आणि उन्हाळ्यात कोरड अशी अवस्था होते. कळसाला सोन्याचा मुलामा चढविताना उगमाकडच्या रानाची आठवण कोणाला होत नाही, पण कलशातले तीर्थ त्या रानातूनच येते.

महाबळेश्वराहून जोरच्या खोऱ्यातून उतरून नदी धोमला येते आणि तेथून वाईला. एवढ्या थोड्या अंतरात पावसाचे मान किती घटते पाहा. माथ्यावर धो धो, आणि पुढे सातारा-सांगलीच्या मैदानी भागात पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास. कृष्णाकाठचा शेतकरी म्हणूनच आपल्या आभाळाइतकाच डोंगरावरच्या आभाळावर जगतो. पूर उतरला की मागे राहणारा गाळ ही त्याची वर्षाची कमाई असे. त्या मळीच्या जमिनीत पिकणाऱ्या कृष्णाकाठच्या वांग्यांची चव सर्वांना ठाऊक आहेच.

वाई हे दक्षिण काशी म्हणून गणले गेलेले क्षेत्र. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड अशी येथील आळ्यांची व घाटांची नावे. अफजलखान स्वारीवर आला त्या वेळी, म्हणजे १६५९ साली, वाईकरांनी संकट टळावे म्हणून कृष्णाबाईला नवस केला आणि तो फळला म्हणून उत्सव सुरू झाला, अशी परंपरा सांगतात. आजही हिवाळ्याच्या अखेरीपासून एकेका घाटावर पाळीपाळीने कृष्णाबाईचा उत्सव होतो. नदीची मूर्ती करून तिला मांडवात बसवायचे, तिच्यापुढे कीर्तन करायचे, आणि मांडवाबाहेर दहा पावलांवर ती स्वतः वाहत असायची!

वाईचा ढोल्या गणपती सर्वांच्या परिचयाचा. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी हे देऊळ १७६२ साली बांधले. मूर्तीच्या आकारामुळे ‘ढोल्या’ हे नाव रूढ झाले, पण बांधकामाचे मर्म देवळाच्या मागच्या बाजूला आहे. तेथील भिंत सरळ नाही. माशाच्या आकारासारखी निमुळती केलेली आहे, जेणेकरून पुराचा लोंढा भिंतीवर न आदळता दोन्ही अंगांनी फाकून निघून जावा. देऊळ अगदी पात्रालगत असूनही अडीचशे वर्षांचे पूर अंगावर घेऊन उभे आहे. बांधणाऱ्याने पैसा सढळ हाताने खर्च केला हे तर खरेच, पण त्याआधी पाणी कोठून, किती आणि कोणत्या जोराने येते हे पाहिले असले पाहिजे. जुन्या देवळाला हात लावणाऱ्या प्रत्येक समितीने एकदा वाईला जाऊन ही भिंत पाहून यावी.

जवळच मेणवली येथे नाना फडणविसांचा वाडा आणि चंद्रकोरीच्या आकाराचा घाट आहे. तेथील लहान देवळात टांगलेली मोठी घंटा वसईच्या मोहिमेनंतर, म्हणजे १७३९ नंतर, चिमाजी अप्पांच्या फौजेने आणलेल्या पोर्तुगीज घंटांपैकी एक आहे.

पुढे साताऱ्याजवळ माहुलीस वेण्णा कृष्णेला मिळते. संगम माहुली हे शाहू छत्रपतींच्या समाधीचे स्थान, आणि पलीकडचे क्षेत्र माहुली हे न्यायनिष्ठुर रामशास्त्री प्रभुणे यांचे गाव. कराडला जो संगम होतो त्याची तऱ्हा मात्र निराळी. कृष्णा उत्तरेकडून येते, कोयना दक्षिणेकडून येते, दोघी समोरासमोर भेटतात आणि एकत्र होऊन पूर्वेकडे वळतात. त्याला प्रीतिसंगम म्हणतात. यशवंतराव चव्हाण यांची समाधी तेथेच आहे, आणि त्यांनी आपल्या आत्मचरित्राला नाव दिले तेही ‘कृष्णाकाठ’.

कोयनेविषयी थोडे अधिक लिहिणे भाग आहे. ही नदी सह्याद्रीच्या कुशीतून दक्षिणेकडे सरळ धावते आणि हेळवाकपाशी एकाएकी पूर्वेकडे वळते. त्या भागातच धरण बांधून १९६०च्या दशकात तिचे पाणी अडविले गेले आणि डोंगरातून बोगदे खोदून ते पश्चिमेस पोफळीकडे सोडले गेले. त्यावर वीज तयार होते आणि पाणी वाशिष्ठीतून अरबी समुद्राला जाते. म्हणजे पुराणात जी पूर्वेकडे गेली, तिच्या काही पाण्याला माणसाने सावित्रीच्या वाटेने पाठविले. या विजेने महाराष्ट्राचे कारखाने चालले, घरोघर दिवे लागले, हे विसरता येणार नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर परिसरात भूकंप झाला, दीडशेहून अधिक माणसे दगावली, आणि धरणाचे पाणी व भूकंप यांच्या संबंधाचा अभ्यास जगभर सुरू झाला, हेही विसरता येणार नाही.

कराडच्या खाली नदीचा उतार मंदावतो. येरळा, वारणा, पंचगंगा एकामागून एक येऊन मिळतात. हाच कृष्णेचा दत्तप्रांत. औदुंबर येथे श्रीनृसिंहसरस्वतींनी चातुर्मास केला, आणि नृसिंहवाडीस, कृष्णा-पंचगंगा संगमावर, बारा वर्षे वास्तव्य केले असे संप्रदाय मानतो. श्रीगुरुचरित्राच्या वाचकांना आणखी एक गोष्ट आढळेल. श्रीपादश्रीवल्लभांचे कुरवपूर कृष्णेच्या बेटावर आणि नृसिंहसरस्वतींचे गाणगापूर भीमा-अमरजा संगमावर. भीमा ही कृष्णेचीच उपनदी, तेव्हा सारा संप्रदाय एकाच नदीच्या पाण्याकाठी वाढला. पंढरीची चंद्रभागा म्हणजे भीमाच, म्हणून वारकऱ्याचे स्नानही शेवटी कृष्णेलाच पोहोचते.

औदुंबर या नावामागे उंबर आहे. उंबर पाण्याकाठी वाढतो, त्याची मुळे दरड धरून ठेवतात, त्याची फळे पाखरे खातात आणि पाण्यात पडली तर मासे खातात. जांभूळ, करंज, वरच्या अंगाला वाळुंज आणि पात्रातल्या खडकांवर शेरणी व लव्हाळा, अशी काठाची मूळ झाडी होती. पात्रात जागोजाग खोल डोह असत. उन्हाळ्यात धार बारीक झाली की महाशीरसारखे मोठे मासे या डोहांत आसरा घेत. सांगलीच्या वरच्या अंगाला, भिलवडी-औदुंबर भागात, मगरी आजही आहेत. त्यांच्याकडून माणसांवर हल्ले झालेले असल्यामुळे घाटावर उतरताना सावध राहावे लागते. तथापि मगर ही नदीची जुनी रहिवासी आहे. वाळू उपसून आणि काठ तोडून तिची जागा आपण घेतली, हेही ध्यानी असावे.

नृसिंहवाडीचा दक्षिणद्वार सोहळा हा तर कृष्णेच्या धर्माचा आणि निसर्गाचा मिळून एकच प्रसंग आहे. देऊळ मुद्दाम उंचावर नाही, नदीच्या अंगालगत आहे. पावसाळ्यात पाणी चढत चढत गाभाऱ्याशी येते, उत्तरद्वाराने आत शिरते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणद्वाराने बाहेर पडते. ते अंगावर घेण्यासाठी शेकडो भाविक दारात उभे राहतात. अन्यत्र पुजारी देवाला पाणी घालतो. वाडीला नदी स्वतः येऊन घालते. पूर म्हणजे केवळ संकट असे ज्यांनी मानले असते, त्यांनी तेथे देऊळच बांधले नसते.

आणि तरीही पूर संकट होतोच. जुलै-ऑगस्ट २००५ मध्ये सांगली-कोल्हापूरकडील गावे पाण्याखाली गेली. हरिपूरची हळदीची पेवे, म्हणजे जमिनीच्या पोटात खणलेली कोठारे, त्या पुरात मोठ्या प्रमाणावर निकामी झाली. ऑगस्ट २०१९ चा पूर त्याहून मोठा. सांगलीच्या १९२९ साली खुल्या झालेल्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट धरतात. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तोच प्रसंग. काही दिवसांत डोंगरावर झालेली अतिवृष्टी, भरलेल्या धरणांतून सोडावे लागलेले पाणी, एकमेकींना तुंबविणारे संगम, आणि पूररेषेच्या आत भराव टाकून उठलेली घरे, अशी अनेक कारणे तज्ज्ञ मांडतात आणि त्यांच्या प्रमाणाविषयी वाद घालतात. वादाचा निकाल काही लागो. ज्या ओढ्यांतून पुराचे पाणी पसरत होते ते ओढे कोणी बुजविले, हे प्रत्येक गावाला माहीत असते.

खिद्रापूरच्या शिलाहारकालीन कोपेश्वराला नमस्कार करून कृष्णा महाराष्ट्राचा निरोप घेते. राज्यात तिची चाल सुमारे तीनशे किलोमीटर. पुढे कर्नाटकात आलमट्टीचे धरण, मग भीमेची भेट, नंतर तुंगभद्रेची. श्रीशैलास मल्लिकार्जुनाच्या पायथ्याशी ती पाताळगंगा म्हणून ओळखली जाते. दक्षिणेच्या स्वारीत शिवछत्रपती १६७७ साली त्या क्षेत्री गेले होते. भीमेच्या उगमी भीमाशंकर आणि कृष्णेच्या काठी मल्लिकार्जुन, अशी दोन ज्योतिर्लिंगे या एका खोऱ्यात आहेत. नागार्जुनसागर आणि विजयवाड्याची कनकदुर्गा ओलांडून हंसलदीवी येथे ती समुद्राला मिळते.

गुरू कन्या राशीत आला की वर्षभर गंगा कृष्णेच्या भेटीला येते अशी श्रद्धा आहे. त्या पर्वाला महाराष्ट्रात कन्यागत म्हणतात. आंध्र-तेलंगणात तोच काळ पुष्करम् म्हणून बारा दिवस साजरा होतो. मागील पर्व ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झाले, पुढील २०२८ साली येईल. भाषा बदलते, पंचांगाचा हिशेब मात्र उगमापासून मुखापर्यंत एकच.

पाण्याचा हिशेब मात्र एक राहिला नाही. सिंचनासाठी कराडजवळ खोडशीचा बंधारा झाला तो एकोणिसाव्या शतकात. स्वातंत्र्यानंतर धोम, कण्हेर, वारणा अशी धरणे झाली, आणि बचावत लवादाने १९७६ च्या अंतिम निवाड्यात महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० व आंध्रला ८०० टीएमसी पाणी वाटून दिले. ऊस उभा राहिला, साखर कारखाने आले, पक्की घरे झाली. अनेक देवळांच्या देणग्याही याच पाण्यातून आल्या हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु वाटपाच्या त्या आकड्यांत नदीच्या स्वतःच्या नावे फारसे काही उरले नाही. २००१ ते २००४ च्या अवर्षणाच्या काळात समुद्राला कृष्णेचे पाणी जवळजवळ मिळालेच नाही. इकडे वरच्या अंगाला शहरांचे सांडपाणी, कारखान्यांचे मळीयुक्त पाणी आणि शेतातून उतरणारी खते-औषधे पात्रात मिसळतात. अलीकडच्या वर्षांत सांगलीच्या परिसरात मेलेल्या माशांचा खच काठाला लागल्याचे लोकांनी पाहिले आहे. त्या दिवशीही देवळात काकडआरती झाली असेल, आणि तीर्थ म्हणून तळहातावर काय द्यावे, असा प्रश्न एखाद्या पुजाऱ्याला पडला असेल.

नदीकाठच्या जीर्णोद्धाराला म्हणून दोन बाजू असतात. दगडी पायऱ्यांवर सिमेंट ओतले, काठचा उंबर छाटला, निर्माल्य प्लास्टिकच्या पिशवीसकट पाण्यात सोडले, तर देऊळ नवे होते आणि तीर्थ जुनेपणातच जाते. उलट काठच्या काही गावांनी निर्माल्यासाठी कुंडे ठेवली, विसर्जनासाठी हौद केले. त्याला कळसाइतका खर्च येत नाही, आणि देणगीदाराचे नाव लावण्याजोगी भिंतही त्यात नसते. कदाचित म्हणूनच ही कामे मागे पडतात.

वाडीला पावसाळ्यात पाणी देवळात शिरू लागले की पुजारी उत्सवमूर्ती वरच्या नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात. नित्यपूजा तेथे चालते. खाली पादुका पाण्यात असतात आणि त्यांच्यावरून नदी वाहत असते. पाणी उतरले की गावकरी गाळ काढतात, फरशी धुतात आणि मूर्ती पुन्हा खाली आणतात.